पाकिटाच्या दर्शनी बाजूला इशारा हवा, तारे नकोत

प्रति,
पाकीटबंद अन्नावर काय छापायचं हे ठरवणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य,
आपण कोणत्याही देशाच्या अन्न नियामक संस्थेत असा, किंवा कोडेक्सच्या, म्हणजे अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या, लेबल समितीत.

स. न. वि. वि.

साखर, मीठ किंवा सॅच्युरेटेड फॅट प्रमाणाबाहेर असलेल्या पाकिटावर कोणतं चिन्ह छापायचं, इशारा की पदार्थाला गुण देणारे तारे, ते किती मोठं असावं, पुढे असावं की मागे, कंपनीवर सक्तीचं असावं की तिच्या मर्जीवर सोडावं, हे ठरवण्याचं काम आपल्याकडे आहे. वरवर पाहता हा छपाईचा प्रश्न वाटतो. पण साठ वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटावरचं एक वाक्य असंच घासूनपुसून तयार झालं होतं, आणि त्यातून जे शब्द गाळले गेले त्यांची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. निर्णय घेण्याआधी ती हकिगत आपण पुन्हा एकदा नजरेखालून घालावी, यासाठी हे पत्र लिहिते आहे.

११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख अधिकारी, ल्यूथर टेरी यांनी धूम्रपान आणि आरोग्य या विषयावरचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी शनिवार मुद्दाम निवडला होता, कारण त्या दिवशी शेअर बाजार बंद असतो. धूम्रपानामुळे पुरुषांना फुप्फुसाचा कॅन्सर होतो, असं त्या अहवालात स्पष्ट म्हटलं होतं. त्याच वर्षी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे व्यापारातली फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेनं, पाकिटासाठी आणि जाहिरातींसाठी इशाऱ्याचा मजकूर सुचवला. सिगारेट ओढणं आरोग्याला धोकादायक आहे आणि त्यामुळे कॅन्सर व इतर आजारांनी मृत्यू येऊ शकतो, असा त्याचा आशय होता. कुणालाही कळावं इतकं ते सरळ होतं. मग प्रकरण काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, गेलं. १९६५ चा कायदा होऊन बाहेर पडला तोवर त्या मजकुरातला मृत्यू गेला होता, कॅन्सर गेला होता, आणि 'धोकादायक आहे' याच्या जागी 'अपायकारक असू शकतं' आलं होतं. १ जानेवारी १९६६ पासून पाकिटाच्या कडेला बारीक अक्षरात तेवढंच छापलं जाऊ लागलं. जाहिरातींवर इशारा सक्तीचा करायला कमिशनला काही वर्षं मनाई झाली. राज्यांनी याहून कडक इशारा छापायला लावू नये, अशी तरतूदही त्याच कायद्यात बसवली गेली.

फुप्फुसाच्या कॅन्सरचं नाव अमेरिकन पाकिटावर यायला १९८५ साल उजाडलं. म्हणजे जे शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये लिहून दिलं होतं, ते पाकीट हातात घेणाऱ्यापर्यंत पोचायला २१ वर्षं लागली. त्या २१ वर्षांत ज्यांनी पहिली सिगारेट ओढली, त्यांतले कितीतरी लोक पाकिटावरचं 'असू शकतं' वाचून 'म्हणजे अजून नक्की नाही' असं समजले असतील, तर त्यांची काय चूक?

आणखी एक गोष्ट तेव्हा घडली, आणि आपल्या कामाच्या दृष्टीनं ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तो मिळमिळीत इशारा कंपन्यांची ढाल झाला. आजारी पडलेली माणसं किंवा त्यांचे वारस कोर्टात गेले, तेव्हा 'पाकिटावर छापलं होतं, तुम्हाला माहीत होतं' हा बचाव तयार होता. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही असा निर्णय दिला की, इशाऱ्याच्या १९६९ च्या सुधारित कायद्यानंतरच्या काळासाठी, कंपनीनं पुरेशी सूचना दिली नाही या मुद्द्यावर राज्यांच्या कायद्यांखाली नुकसानभरपाई मागता येणार नाही. फसवणुकीचे काही दावे उघडे राहिले, पण अपुऱ्या इशाऱ्याचा दरवाजा बंद झाला. म्हणून विनंती करते की, 'अगदी काही नसण्यापेक्षा थोडं तरी छापून घेऊ, पुढे सुधारता येईल' हा विचार मनात आला तर आपण इथं थांबावं. कमकुवत इशारा एकदा कायद्यात बसला की तो हलवणं फार कठीण जातं. अमेरिकेत चित्रांचे इशारे छापण्याचा कायदा २००९ मध्ये झाला, २०१२ मध्ये कोर्टानं ती चित्रं रद्द केली, २०२० मध्ये नवा नियम आला आणि तोही कोर्टात अडकला. १९८४ साली मंजूर झालेले चार मजकूर तिथं पुढची चार दशकं आलटूनपालटून छापले जात राहिले.

बाकीचं जग त्यांच्यासाठी थांबलं नाही. २००१ मध्ये कॅनडानं पाकिटाचा निम्मा भाग रंगीत छायाचित्रांना दिला. आजारी तोंड, आजारी फुप्फुस, जे आहे ते. २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार मंजूर झाला, २००५ मध्ये लागू झाला, आणि त्याच्या अकराव्या कलमात इशाऱ्याचं माप लिहिलं गेलं: पाकिटाच्या मुख्य बाजूंचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग असावा, ३० टक्क्यांच्या खाली तर नकोच. भारतात ३१ मे २००९ पासून चित्रं आली. धुराच्या तंबाखूवर छातीचा एक्स-रे आणि चघळायच्या तंबाखूवर विंचू. विंचवाचा आणि तोंडाच्या कॅन्सरचा संबंध कुणाला कसा लागावा? एक्स-रे वाचायला तर डॉक्टर लागतो. चित्र छापलं की नियम पाळला गेला, पण बघणाऱ्याला काही कळलं का, हे कुणी पाहायचं? दोन्ही बाजूंना ८५ टक्के जागा मिळायला १ एप्रिल २०१६ उजाडला.

उरुग्वेची गोष्ट तर प्रत्येक नियामकानं जवळ ठेवावी अशी आहे. जेमतेम ३५ लाख वस्तीचा देश. कॅन्सरतज्ज्ञ असलेले ताबारे व्हास्केझ तिथं राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या सरकारनं पाकिटाच्या ८० टक्के भागावर इशारा सक्तीचा केला आणि एका ब्रँडचा एकच प्रकार विकायला परवानगी दिली. फिलिप मॉरिसनं २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाकडे दावा ठोकला. सहा वर्षं ते चाललं. जुलै २०१६ मध्ये लवादानं उरुग्वेच्या बाजूनं निकाल दिला आणि देशाच्या कोर्टखर्चापोटी ७० लाख डॉलर कंपनीनं भरावेत असं सांगितलं. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०१२ पासून सगळी पाकिटं एकाच मळकट तपकिरी रंगाची केली. तिथंही देशातल्या सर्वोच्च कोर्टात, लवादात आणि जागतिक व्यापार संघटनेत, तिन्ही ठिकाणी ते पाऊल टिकलं. दाव्याच्या धमकीचं पत्र आपल्या टेबलावर येईल तेव्हा हे दोन देश आठवावेत.

आता अन्नाकडे येते.

सिगारेट आणि अन्न एक नव्हे, हे मला मान्य आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढचं बोलणं प्रामाणिक होणार नाही. सिगारेटची कुणालाच गरज नसते. अन्नाशिवाय कुणी जगत नाही. तंबाखूची पहिली पुडीही अपायकारकच, पण एखाद्या दिवशी जरा जास्त गोड खाल्लं म्हणून कुणी आजारी पडत नाही. म्हणून अन्नाच्या पाकिटावर सडलेल्या अवयवांची छायाचित्रं हवीत असं मी म्हणत नाही. मागणी एवढीच आहे, की या पाकिटात साखर जास्त आहे, मीठ जास्त आहे किंवा फॅट जास्त आहे, हे समोरच, एका नजरेत कळावं. ही माहिती कंपनीकडे असते, प्रयोगशाळेकडे असते, आपल्याकडे असते. ज्याच्या पोटात ते जाणार आहे, त्यालाच ती हिशेब करून काढावी लागते.

तो हिशेब काय असतो हे मला रोज दिसतं. माझ्या वडिलांची मूत्रपिंडं अर्धवट काम करतात. दिवसाला सोडियम २ ग्रॅमच्या आत ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांनाही तेच सांगते. त्यामुळे घरात येणारं प्रत्येक पाकीट मी उलटं करून वाचते. कुठे सोडियम लिहिलेलं असतं, कुठे मीठ. एकावरून दुसरं काढायला अडीचनं गुणा किंवा भागा. कुठे आकडा १०० ग्रॅमचा, कुठे 'एका सर्व्हिंग'चा, म्हणजे एका वेळी खायचा म्हणून कंपनीनं धरलेल्या भागाचा. समजा पाकीट ९० ग्रॅमचं आहे, सर्व्हिंग ३० ग्रॅमची आणि तिच्यात सोडियम २५० मिलिग्रॅम. वाचताना २५० हा आकडा लहान वाटतो. पण ते पाकीट माणूस एका बैठकीत संपवतो, आणि दिवसाच्या वाट्यातले ७५० मिलिग्रॅम, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, तिथंच संपतात. फॉस्फेट तर बहुतेकदा नावानं सापडतच नाही. ते ४५०, ४५१, ४५२ अशा संकेतांकांत असतं, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते टाळायचं असतं. मी शिकलेली आहे, माझ्याजवळ चष्मा आहे, वेळ आहे, आणि घरात आजार असल्यामुळे काळजीही आहे. यांतलं एखादं जरी नसेल त्या माणसानं काय करायचं? आणि ज्याला अजून आजार झालेला नाही, पण होऊ घातला आहे, तो पाकीट उलटं तरी कशाला करेल? खरा इशारा त्याच्यासाठीच असतो.

जगातला सरासरी प्रौढ दिवसाला ४३१० मिलिग्रॅम सोडियम खातो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. अति सोडियमशी निगडित मृत्यू वर्षाला सुमारे १८ लाख ९० हजार. हे मीठ सगळंच वरून घेतलेलं नसतं. बरंचसं कारखान्यातून आधीच मिसळून येतं, आणि पुष्कळदा जिभेला ते खारट लागतही नाही. गोड चवीच्या पदार्थांतही ते असतं. जी गोष्ट चवीनं ओळखता येत नाही ती डोळ्यांना दिसायला हवी. फिनलंडनं हे फार लवकर ओळखलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिथं जास्त मिठाच्या ठरावीक पदार्थांवर तसं स्पष्ट लिहिणं सक्तीचं झालं.

मागच्या बाजूचा तक्ता पुरेसा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ट्रान्स फॅटचं, म्हणजे हृदयाला घातक ठरणाऱ्या एका प्रकारच्या फॅटचं, उदाहरण पाहावं. अमेरिकेत १ जानेवारी २००६ पासून ट्रान्स फॅटचा आकडा पाकिटावर छापणं सक्तीचं झालं. पण एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो आकडा शून्य लिहायचा, असाच नियम होता. सर्व्हिंग पुरेशी लहान असली की शून्य. चार सर्व्हिंग खाणाऱ्याच्या पोटात दीड-पावणेदोन ग्रॅम जाऊ शकत होतं, आणि त्याच्या हातातल्या पाकिटावर शून्य छापलेलं असायचं. यात कंपनीनं नियम मोडला नव्हता. पळवाट नियमातच होती. डेन्मार्कनं २००३ मध्येच ट्रान्स फॅटवर सरळ मर्यादा घातली होती, १०० ग्रॅम फॅटमध्ये जास्तीत जास्त २ ग्रॅम. तिथं ग्राहकावर हिशेबाची वेळच आली नाही. म्हणून मर्यादा ठरवाल ती १०० ग्रॅम आणि १०० मिलिलिटरवर ठरवा. सर्व्हिंगचा आकार कंपनीच्या हातात असतो, शंभर ग्रॅम कुणाच्याच हातात नसतात.

काही समित्यांसमोर ताऱ्यांचा प्रस्ताव आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१४ पासून अर्ध्या ते पाच ताऱ्यांची ऐच्छिक पद्धत आहे. भारताच्या नियामकानंही २०२२ च्या मसुद्यात तारेच सुचवले होते. या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे, आणि कारण साधं आहे. तारे सरासरी काढतात. साखरेसाठी गुण कापायचे, प्रथिनांसाठी आणि तंतूंसाठी वाढवायचे. शाळेच्या गुणपत्रिकेत एका विषयातले चांगले गुण दुसऱ्या विषयातलं अपयश झाकतात तसं इथं होतं. पण शरीर असं काही झाकून घेत नाही. जादा तंतू मिसळले म्हणून मधुमेह्याच्या रक्तात जाणारी साखर नाहीशी होत नाही. ऑस्ट्रेलियात एका प्रसिद्ध पेयपावडरीच्या डब्यावर साडेचार तारे होते, कारण गणित पावडरीचं नव्हतं, ती स्निग्धांश काढलेल्या दुधात मिसळल्यावर तयार होणाऱ्या पेल्याचं होतं. टीका झाल्यावर २०१८ मध्ये कंपनीनं तारे काढले. शिवाय ताऱ्यांत मुळात इशाराच नाही. अर्धा तारासुद्धा तारा असतो, आणि तारा कुठेही बक्षीस म्हणूनच वाचला जातो. जिथं पद्धत ऐच्छिक असते तिथं कमी तारे मिळणारी कंपनी ते छापतच नाही, मग शेल्फवर तारे नसलेलं पाकीट आणि चांगलं पाकीट एकाच रांगेत उभं राहतं.

चिलीनं वेगळा रस्ता धरला. २०१२ मध्ये कायदा, २७ जून २०१६ पासून अंमल. काळा अष्टकोन, पांढरी अक्षरं: साखर जास्त, सोडियम जास्त, सॅच्युरेटेड फॅट जास्त, कॅलरी जास्त. चारही लागू असतील तर चारही छापायचे, पुढच्या बाजूला. मर्यादा टप्प्याटप्प्यानं कडक केली. घन पदार्थांत १०० ग्रॅममागे साखर आधी २२.५ ग्रॅम, मग २०१८ मध्ये १५, २०१९ मध्ये १०. अष्टकोन असलेला पदार्थ शाळेत विकायचा नाही, चौदा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून त्याची जाहिरात करायची नाही, पाकिटावर मुलांना भुरळ घालणारी चित्रपात्रं छापायची नाहीत. हे सगळं एकत्र आणलं म्हणून त्याला धार आली. पहिल्या दीड वर्षातल्या खरेदीचा अभ्यास झाला, तेव्हा अष्टकोनाच्या कक्षेत येणाऱ्या पेयांची खरेदी, कायदा नसता तर झाली असती त्यापेक्षा, सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळली. कंपन्यांनी पाककृतीही बदलल्या. निदान एक तरी अष्टकोन लागेल अशा पदार्थांचं प्रमाण ५१ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आलं. मला सगळ्यांत हलवून गेली ती आयांच्या गटचर्चांवर आधारलेल्या एका अभ्यासातली नोंद: मुलंच घरी अष्टकोन ओळखून सांगू लागली होती. ज्या वयात तक्ता वाचता येत नाही त्या वयातही काळी आठ कोनांची आकृती ओळखता येते. इशारा कुणाला कळायला हवा, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

त्यानंतर पेरू, उरुग्वे, मेक्सिको, अर्जेंटिना, कोलंबिया यांनी अष्टकोन स्वीकारले. इस्रायलनं २०२० मध्ये लाल चिन्हं आणली. ब्राझीलनं भिंगाचं चिन्ह घेतलं, कॅनडातही भिंग १ जानेवारी २०२६ पासून सक्तीचं झालं. कोडेक्सनं २०२१ मध्ये दर्शनी लेबलांची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, पण पद्धत निवडण्याचं काम प्रत्येक देशावर ठेवलं. म्हणजे आडोसा घ्यायला जागा उरलेली नाही. निवड आपल्यालाच करायची आहे.

हरकती येतील. पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाणारे पदार्थही बदनाम होतील, अशी हरकत हमखास येते. चिलीच्या कायद्यात याचं उत्तर आहे: वरून साखर, मीठ किंवा फॅट घातलेल्या पाकीटबंद पदार्थांनाच तो लागू होतो. सुका मेवा, साधं दूध, धान्य यांच्यात मुळात जे आहे त्यासाठी अष्टकोन लागत नाही. रोजगार जातील, असंही सांगतील. चिलीत कायद्यानंतर अन्न उद्योगातल्या रोजगारावर आणि वेतनावर वाईट परिणाम झाल्याचं अभ्यासात आढळलं नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या समितीत चिलीच्या मसुद्यावर वर्षानुवर्षं प्रश्न विचारले गेले, तरी कायदा आला आणि टिकला. लोकांनी आपलं आपण बघावं, हे म्हणणं मला पटतं. म्हणून तर बघता यावं असं काहीतरी समोर छापा, हीच विनंती करते आहे.

इशाऱ्यातही पळवाटा निघतात, हेही सांगायला हवं. साखर कमी दाखवायची म्हणून कृत्रिम गोडी वाढवली जाते. चिलीत तसं घडलं. मेक्सिकोनं ते पाहून, गोडी आणणारे पदार्थ असतील तर ते मुलांना देऊ नयेत अशी वेगळी सूचना सक्तीची केली. सिगारेटच्या बाबतीत 'लाइट' आणि 'माइल्ड' या शब्दांनी हेच केलं होतं. फिल्टरला बारीक छिद्रं पाडली की यंत्रात टार कमी मोजलं जाई. माणूस मात्र बोटांनी ती छिद्रं झाकत असे आणि दम खोल घेत असे. शब्दांवर बंदी आली तेव्हा कंपन्यांनी तेच पाकीट सोनेरी आणि रुपेरी रंगानं ओळखीचं ठेवलं. अन्नावर 'बेक्ड', 'मल्टिग्रेन', 'व्हिटॅमिनयुक्त' असे शब्द तेच काम करतात. ज्या पाकिटावर इशारा येणार आहे, त्याच्या दर्शनी बाजूला असा एकही दावा नसावा. एकच वस्तू एका ओळीत इशारा देते आणि दुसऱ्या ओळीत शाबासकी मिळवते, तेव्हा माणूस शाबासकी लक्षात ठेवतो.

आता जी गोष्ट बोलायला जड जाते ती बोलते. आपल्या बैठकीत कोण बसतं? तंबाखू कराराचं कलम ५.३ सांगतं की, आरोग्य धोरण ठरवताना तंबाखू उद्योगाच्या व्यापारी हितसंबंधांपासून ते जपावं. हे कलम सुचायला फार मोठी किंमत मोजावी लागली. भारतात ८५ टक्क्यांचा इशारा १ एप्रिल २०१५ ला लागू व्हायचा होता. तो पुढे ढकला, अशी शिफारस संसदेच्या एका समितीनं केली. तिच्या एका सदस्याचा स्वतःचा विडीचा व्यवसाय होता. इशारा वर्षभर लांबला. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात २०१७ मध्ये संशोधकांनी दारूच्या बाटल्यांवर कॅन्सरचा इशारा लावून पाहायला सुरुवात केली. महिन्याभरात मद्य उद्योगाच्या हरकतीमुळे ते काम थांबवलं गेलं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा कॅन्सरचं लेबल वगळलेलं होतं. अन्नासाठी ५.३ सारखं कोणतंही बंधनकारक कलम नाही. कंपन्यांकडून तांत्रिक माहिती जरूर घ्या, लेखी घ्या, सर्वांना वाचता येईल अशी घ्या. पण मर्यादेचा आकडा आणि चिन्हाचं माप ठरतं त्या खोलीत, ज्याची विक्री त्या आकड्यावर अवलंबून आहे तो माणूस नसावा. माझ्या दृष्टीनं यात कुणाच्या सचोटीवर शंका नाही. पगार ज्याच्याकडून मिळतो त्याच्या विरोधात आकडा सुचवणं कुणालाही अवघड जातं, आणि त्या अवघडलेपणाची झळ वडिलांसारख्या रुग्णांना का बसावी?

लेबलानं सगळं होईल असं मी मानत नाही. सुटं विकलं जाणारं अन्न यातून राहून जाईल. ज्याच्या खिशाला दुसरं काही परवडत नाही, त्याला अष्टकोन पाहूनही तेच घ्यावं लागेल, आणि त्याच्यासाठी सरकारांना वेगळं काम करावं लागेल. तेच ते चिन्ह रोज बघून नजर सरावते, म्हणून ठरावीक काळानं त्याचा आढावा घ्यावा लागेल. सिगारेटच्या इशाऱ्यांत चित्रं आलटूनपालटून बदलतात ती याचसाठी. कॅनडानं तर २०२३ च्या नियमांनी प्रत्येक सिगारेटवरच इशारा छापायला लावला, कारण पाकीट खिशात राहतं आणि हातात सिगारेट असते. पहिल्या छायाचित्रानंतर वीस-बावीस वर्षांनीही तिथले नियामक अजून विचार करताहेत, याचं मला कौतुक वाटतं.

आपला मसुदा जाहीर कराल तेव्हा सोबत तीन गोष्टी द्याव्यात, अशी विनंती आहे. चिन्हाचं खऱ्या मापाचं छापील पाकीट, संगणकावर मोठं करून दाखवलेलं नव्हे. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांची नजर अधू आहे आणि जी मुलं अजून शाळेतही गेलेली नाहीत, अशांना ते दाखवून काय समजलं याची नोंद. आणि मर्यादेचा आकडा पहिल्या मसुद्यापासून शेवटच्या मसुद्यापर्यंत बदलला असेल, तर तो कोणत्या बैठकीत, कुणाच्या सूचनेवरून बदलला याचं इतिवृत्त. हरकतींसाठी मुदत द्याल तेव्हा मीही माझं म्हणणं लेखी पाठवीन.

कळावे,
आपली विश्वासू,
पाकीटबंद अन्न विकत घेणारी एक ग्राहक